कान ते खांदा

जमीन मोजणाऱ्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं काढली. हजारो लोकांच्या शेतांच्या मोजणीचे कागद माझ्या हाताखालून गेले, पण खुद्द माझी मोजणी एकदाच झाली. ती प्रमिला देसले यांनी केली. भर दुपारी, भरल्या हॉलमध्ये, लाकडी फूटपट्टीनं. पट्टीचं एक टोक त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला लावलं, दुसरं खांद्यावर टेकवलं, चष्मा कपाळावर चढवला, आकडा वाचला आणि काउंटरपलीकडच्या अर्जदारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

“चौधरीभाऊ, तुमच्या खांद्यानं कानाच्या हद्दीत अतिक्रमण केलेलं आहे. हे काढावं लागेल.”

हॉल हसला. अर्जदार हसले. मीही हसलो, हसण्यात मी कधी मागे नसतो. पण हसता हसता खांदे खाली सोडायला गेलो, तर ते खाली येईनात. खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे वरच्या वर राहिले. किती वर्षं तसे होते कुणास ठाऊक!

प्रमिला देसले म्हणजे आमच्या अक्का. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणत. जळगावच्या आमच्या जिल्हा कार्यालयाची रेकॉर्ड रूम त्यांच्या ताब्यात होती. जुने नकाशे, जुने गठ्ठे, लाल फडकी आणि कसर. अक्कांची उंची इतकी बेताची, की वरच्या फळीवरचा नकाशा काढायला त्यांना स्टूल लागायचं, आणि स्टूल कुणी धरायला गेलं की त्या वरूनच ओरडायच्या, “सोडा! तुम्ही धरलं की ते हलतं.” माहेर शिंदखेड्याकडचं, सासर धुळ्याचं. मराठी त्यांनी कामासाठी ठेवली होती आणि अहिराणी रागासाठी. तिसरी भाषा मौनाची. ती फक्त साहेब लोकांसाठी.

आता आमचं कार्यालय कसं होतं ते सांगितल्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत. आमच्या खानदेशात माणूस शेत विकेल, पण बांधावरची वीतभर जागा सोडणार नाही. असे वीत-वीतभर जागेचे सगळे तंटे शेवटी आमच्या टेबलावर येऊन पडत. ज्याच्या बाजूनं मोजणी लागली तो पेढे न देता जायचा. ज्याच्या विरुद्ध लागली तो संध्याकाळपर्यंत बसून आमच्या सात पिढ्या मोजायचा. पुढे संगणक आले. पूर्वी फक्त लोक आमच्यावर ओरडायचे. आता आम्ही सर्व्हरवर ओरडायला लागलो. एवढी प्रगती मात्र झाली.

या हॉलमध्ये, रेकॉर्ड रूमच्या दारासमोर, बडगुजर बसायचे. शांत माणूस. एका मार्चात, दुपारी चारच्या सुमाराला, हातात पेन असताना ते टेबलावर कलले ते परत उठलेच नाहीत. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जीपपर्यंत नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर कार्यालय जे करतं ते आम्ही केलं. शोकसभा घेतली, दोन मिनिटं उभे राहिलो, फोटोला हार घातला आणि त्यांच्या टेबलावरच्या फाइली आपसात वाटून घेताना भांडलो. अक्का शोकसभेत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये एक गठ्ठा मागायला गेलो, तर त्या स्टुलावर नुसत्या बसून होत्या.

“चौधरीभाऊ, सकाळपासून ते डावा खांदा चोळत होते. मी समोरून पाहत होते. सहा तास पाहिलं. आणि मी काय केलं? ‘बडगुजरभाऊ, चहा सांगू का?’ असं विचारलं.”

मी काहीतरी सांत्वनाचं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही.

“माझी चार वर्षं राहिली नोकरीची. या हॉलमधून दुसरा माणूस मी असा उचलून नेऊ देणार नाही. बस्स.”

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो. अक्का दुःखात बोलत नसत, हे मला तेव्हा कळायचं होतं.

आधी त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली, कारण झोप त्यांचीही उडाली होती. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी दिली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका. “टेन्शन काय मी दुकानातून घेते?” असं विचारून त्या बाहेर आल्या. मग कुणीतरी त्यांना ताणमुक्तीच्या वर्गाला नेलं. शिकवणारे गृहस्थ गालाला माइक चिकटवून म्हणाले, डोळे मिटा, समोर निळाशार समुद्र आहे. अक्का पुढे ही गोष्ट साभिनय सांगायच्या.

“मी धुळे जिल्ह्यातली बाई! समुद्र मी कॅलेंडरवर पाहिलेला. डोळे मिटले तर मला कसर लागलेले नकाशे दिसायचे. बरं, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. समुद्र बाजूला राहिला, मी तासभर चपलांचीच काळजी करत बसले.”

त्या उन्हाळ्यात त्या माहेरी गेल्या. भावजयीनं त्यांच्या हातात पाखडायला दादरीचं सूप दिलं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. अक्का ओट्यावर बसून पाखडत राहिल्या. सूप वर जाताना श्वास आत, दाणे खाली येताना फू करून बाहेर, कोंडा पुढे, दाणा मागे. अर्धी पाटी झाल्यावर त्या एकदम थांबल्या. अर्ध्या तासात त्यांना कार्यालय एकदाही आठवलं नव्हतं! आणि खांदे? खांदे जागेवर होते.

जूनमध्ये कार्यालयात आल्या त्या पहिल्याच दिवशी, बरोबर चार वाजता, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. दोन्ही हात पोटासमोर, तळवे वर, जणू हातात सूप आहे. आणि पाखडू लागल्या. हातात काहीही नाही. डोळे अर्धे मिटलेले. फू… फू… असा बारीक आवाज. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी मला खुणेनं विचारलं, घरी कळवायचं का?

पंधरा मिनिटं त्या एकट्या पाखडत होत्या. दुसऱ्या दिवशीही एकट्या. तिसऱ्या दिवशी मी एक चावट शेरा मारला, “अक्का, दाण्यात खडे किती निघाले?” त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “एक निघाला. आवक-जावकच्या टेबलावर बसतो.” आवक-जावक माझं टेबल. त्यानंतरच माझी ती प्रसिद्ध मोजणी झाली, आणि चौथ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा होतो. महिन्याभरात आम्ही नऊ जण झालो.

अक्कांचे प्रकार फक्त चार. पहिला सूप. दुसरा जातं, त्यात दोघांनी समोरासमोर उभं राहून एकच अदृश्य खुंटा धरायचा आणि एका लयीत फिरवायचा. एकानं ओढताना श्वास घ्यायचा, दुसऱ्यानं सोडायचा. तिसरा घड. खांद्यावर केळीचा घड आहे असं समजून गुडघ्यात वाकत वाकत तो जमिनीवर ठेवायचा. मी सावद्याचा, केळीच्या घरातला, तेव्हा इथं माझा अधिकार. मी पहिल्याच दिवशी हरकत घेतली, “अक्का, असा धपकन ठेवला तर केळी काळी पडेल. व्यापारी घेणार नाही.” अक्का खूश झाल्या. “मग कसा ठेवायचा ते दाखवा सगळ्यांना.” तेव्हापासून घड उतरवण्याचा मास्तर मी. आणि खरं सांगतो, नसलेल्या केळीला डाग पडू नये म्हणून जेवढ्या हळू मी खाली वाकलो, तेवढ्या हळू मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

चौथा प्रकार सगळ्यांत अवघड. नुसतं उभं राहायचं. दोन मिनिटं. हात सोडून. काही करायचं नाही, काही म्हणायचं नाही, भिंतीवरचं घड्याळ पाहायचं नाही. सरकारी नोकराला काही न करणं अवघड जाईल असं तुम्हांला वाटणार नाही, पण फाइल समोर न ठेवता काही न करणं ही वेगळी विद्या आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे घाम पुसत होतो. अक्का रांगेतून पट्टी घेऊन फिरायच्या आणि कानाशी येऊन पुटपुटायच्या, “श्वास ले. फुकट शे.” म्हणजे श्वास घे, फुकट आहे.

देवरे नावाचा एक तरुण भूकरमापक आमच्याकडे होता. भूकरमापक म्हणजे प्रत्यक्ष शेतावर जाऊन मोजणी करणारा, म्हणजेच शिव्या पहिल्यांदा खाणारा. एका गावात एकानं त्याच्या यंत्राची तिपाई उचलून विहिरीत टाकली. तेव्हापासून पोराची गाडी गावाच्या अलीकडे एक किलोमीटरवर थांबायची आणि पुढे जायचं नाव घ्यायची नाही. गाडी चांगली होती, थांबायचा तो. हात थरथरायचे. कुणाला सांगायचा नाही, पण अक्कांनी पट्टी लावून ओळखलं.

“तुले काय व्हई राह्यनं?” त्यांनी विचारलं. अहिराणी निघाली म्हणजे लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं.

“मग जिथं गाडी थांबते तिथं उतर. नऊ वेळा पाखड. मग पुढे जा.”

“अक्का, लोक पाहतील!”

“पाहू दे. वेड्या माणसाला कुणी मारत नाही.”

देवरेनं केलं. बांधाशी उभा राहून हवेत सूप हलवलं. एक म्हातारा आबा बैलगाडीवरून जाताना थांबला, बराच वेळ निरखून म्हणाला, “साहेब, मोजणीची नवी पद्धत का?” देवरे म्हणाला, “हो आबा, आधी हवा मोजावी लागते.” म्हाताऱ्यानं गावात जाऊन सांगितलं, की या खेपेला पोरगा फार बारकाईनं काम करून राहिला. त्या गावची मोजणी एकाही हरकतीशिवाय झाली. त्यानंतरही देवरेचे हात थरथरायचे, पण गाडी पुढे जायची.

अर्जदारांची मात्र तक्रार होती. आम्ही इथं ताटकळतो आणि हे कामाच्या वेळेत नाच करतात! यावर अक्कांनी जो उपाय केला तो कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. काउंटरची फळी उचलून त्या म्हणाल्या, “या. आत या. तुम्हीही उभे राहा. तुमचे खांदे आमच्यापेक्षा वर गेलेत.”

पहूरचे दोन भाऊ होते. तालुक्याची मोजणी मान्य नाही म्हणून जिल्ह्याला आलेले. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आणि त्या बांधावर एक निंब. निंब कुणाच्या हद्दीत, एवढाच प्रश्न. नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बाकाच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसायचे. अक्कांनी दोघांना आत घेतलं आणि जात्याला जुंपलं. समोरासमोर. मी श्वास रोखून धरला, जे त्या पंधरा मिनिटांत सक्त मना होतं.

पाच-सात वेढे झाले. थोरला एकदम कडाडला, “अक्का, हा पाहा, जोर लावतच नाही! लहानपणापासून असाच आहे. सगळं मले ओढायला लावतो!”

धाकटा म्हणाला, “हा उलटा फिरवतो. याले जातं कधी जमलं नाही. माय म्हणायची.”

“माय तुले म्हणायची!”

“तुले!”

नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण. तुम्हांला वाटेल आता दोघं गळ्यात पडतील. छे! निंबाचा वाद तसाच चालू राहिला. पण तारीख असली की दोघं चारच्या आत यायचे आणि न सांगता एकमेकांसमोर उभे राहायचे. कारण दुसऱ्या कुणाबरोबर त्यांचं जातं जमायचं नाही.

हे असं दोन वर्षं सुरळीत चाललं आणि मग नवे साहेब आले. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, सदैव दोन मोबाइलवर बोलणारे. एका कानाला एक आणि दुसरा खांद्यानं दाबून धरलेला. त्यांनी तिसऱ्याच दिवशी लेखी आदेश काढला, की कार्यालयीन वेळेत कोणताही अनधिकृत शारीरिक उपक्रम करू नये. अक्कांनी तो आदेश शांतपणे वाचला. माझ्याकडून त्यावर आवक क्रमांक घेतला. मग उत्तर लिहिलं: आम्ही जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटं कमी करतो, तो वेळ चार वाजता द्यावा. साहेबांनी ते फेटाळलं. अक्कांनी दुसरं लिहिलं. तेही फेटाळलं. अक्कांनी सहा पत्रं लिहिली. एकाही पत्रात आवाज चढवलेला नव्हता, आणि एकाही दिवशी चारचं सूप बंद नव्हतं. नऊ जणांतले आम्ही पाच उरलो. बाकीचे बिचारे चार वाजता खुर्चीत बसल्या बसल्या टेबलाखाली पाखडायचे.

शेवटी साहेब अक्कांना म्हणाले, “मी एके दिवशी अचानक येईन आणि जो उभा दिसेल त्याला नोटीस देईन.”

अक्का म्हणाल्या, “या.” आणि हॉलमध्ये येऊन आम्हांला म्हणाल्या, “ज्याला बसायचं असेल त्यानं बसावं. मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही. पण मी उभी राहणार. बडगुजरांच्या वेळी मी बसून होते.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता अख्खा हॉल उभा होता. टेबलाखालचेसुद्धा.

आता जे घडलं ते नीट ऐका, कारण असं फक्त आमच्यासारख्या कार्यालयातच घडू शकतं. लाचलुचपतवाले सापळा लावतात तेव्हा सगळ्यांना जागच्या जागी उभं करतात आणि हात पुढे घ्यायला लावतात. नोटांना लावलेली पावडर कुणाच्या बोटांना लागली ते पाहायचं असतं. हे आमच्या खात्यात शिपायापासून वरपर्यंत प्रत्येकाला पाठ असतं. स्वप्नातही तेच दिसतं. आमच्या हॉलच्या खिडक्या आवारात उघडणाऱ्या. साहेब चुपचाप आले, जीप फाटकाशी थांबवली, खिडकीतून आत पाहिलं. अख्खं कार्यालय ओळीनं उभं. प्रत्येकाचे दोन्ही हात पुढे, तळवे वर. मान खाली. आणि ओळीपुढून हातात काहीतरी घेऊन एक बाई प्रत्येकाला तपासत चाललेली.

साहेबांनी जीप वळवायला लावली. दोन्ही मोबाइल बंद केले. भुसावळच्या पुढे जाईपर्यंत त्यांनी जीप कुठं थांबू दिली नाही.

साहेब खाणारे होते का? माझ्या माहितीत नव्हते. पण आमच्याकडे न खाणाऱ्याचंही काळीज धडधडतंच. आपल्या नावावर दुसरं कुणी काय खाल्लं असेल, हे कुणाला ठाऊक असतं?

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरनं ही सगळी हकीकत आम्हांला चहाच्या टपरीवर सांगितली. मी तर हसता हसता बाकावरून खाली बसलो. टंकलेखनवाल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी. देवरेनं साहेबांची नक्कल सुरू केली. आमच्या दृष्टीनं लढाई संपली होती: पळून गेलेला माणूस नोटीस काय देणार? मी विजयाची बातमी घेऊन ड्रायव्हरसकट रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि पदरचा मीठमसाला लावून सगळं पुन्हा सादर केलं.

अक्का हसल्या नाहीत. ड्रायव्हरला म्हणाल्या, “जीपमध्ये ते काय करत होते?”

“काही नाही अक्का. हा असा खांदा चोळत होते.”

“कोणता?”

ड्रायव्हरनं आठवून डाव्या खांद्यावर हात ठेवला. “आणि सारखे म्हणत होते, काचा खाली कर, हवा लागत नाही.”

अक्का उठल्या. पट्टी घेतली नाही, चपला घातल्या नाहीत, तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी आवक रजिस्टर काखेत मारून मागोमाग. रजिस्टर काखेत असलं की मला कुठंही उभं राहता येतं.

“साहेब, दवाखान्यात चला.”

“काय?” साहेब दोन्ही मोबाइलवर होते. “देसले बाई, साडेचारला व्हिडिओ मीटिंग आहे. तुमचे ते चारचे खेळ करायचे तर करा, मी काही म्हणत नाही. जा आता.”

हे म्हणजे संपूर्ण शरणागती! सहा पत्रांनी जे झालं नाही ते एका वाक्यात मिळालं होतं. दुसरं कुणी असतं तर नमस्कार करून बाहेर आलं असतं. अक्कांनी ते ऐकलंही नाही. त्या बाहेर गेल्या, रेकॉर्ड रूममधलं आपलं स्टूल घेऊन आल्या, ते केबिनच्या दारात ठेवलं आणि त्यावर बसल्या.

“हे काय?” साहेब ओरडले.

“मीटिंगला बसा. मी पण बसते. तुम्ही दवाखान्यात निघाल तेव्हा मी उठेन.”

“मी तुमच्यावर कारवाई करीन!”

“करा. पण त्यासाठी जिवंत राहा साहेब.”

साहेबांचा चेहरा मी पाहिला. रागानं लाल व्हायचा तो राखेसारखा झाला होता. हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला, आणि तो हात तिथं गेलाय हे त्यांना आमच्या नजरेवरून कळलं. त्यांनी एक मोबाइल खाली ठेवला. थोड्या वेळानं दुसरा. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “झोप लागत नाही हो बाई. तीन महिने झाले.”

जीपमध्ये अक्का त्यांच्या शेजारी बसल्या, अनवाणीच.

हृदय अजून शाबूत निघालं. रक्तदाब मात्र इतका होता, की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला आणि दोन दिवस ठेवून घेतलं. परत आल्यावर अक्का आम्हांला म्हणाल्या, “सूप पाखडून छाती बरी होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. ज्याला गोळी आहे त्यानं गोळी खायची. दिवसातून एकदा आपलं अंग कसं आहे ते आपल्याला कळावं, सूप एवढ्यासाठीच आहे. बडगुजरांना त्यांचा खांदा दुखतोय हे ठाऊकच नव्हतं. ते मला दिसत होतं.”

साहेब नंतर रोज पावणेदहाला रेकॉर्ड रूममध्ये अक्कांकडे जायचे आणि दार लावून घ्यायचे. कार्यालयात काय काय कुजबुज झाली ते मी लिहिणार नाही. त्यातली निम्मी मीच सुरू केली होती. मग एके दिवशी चार वाजता ते हॉलमध्ये आले आणि कुणाकडे न पाहता शेवटच्या ओळीत उभे राहिले. पहूरच्या थोरल्या भावानं त्यांना निरखलं आणि म्हणाला, “नवीन आहे वाटतं. खांदे पाहा.” साहेबांचा तो मनाई आदेश मात्र कधी रद्द झाला नाही. तो आजही लागू आहे.

अक्का निवृत्त झाल्या तोपर्यंत त्या हॉलमधून दुसऱ्या कुणाला उचलून न्यावं लागलं नव्हतं. त्यांनी निरोपाच्या भाषणात हे सांगितलं नाही. भाषणच केलं नाही. धुळ्याला मुलाकडे गेल्या. मग आमचीही पांगापांग झाली. साहेब नाशिककडे गेले, देवरेची बदली झाली, मी भुसावळला आलो.

परवा एका कामासाठी जळगावला जुन्या कार्यालयात गेलो. हॉल ओळखू येईना. काउंटरला काचा बसल्यात, टोकनचं यंत्र आलंय, दारात सुरक्षारक्षक. काचेमागे सगळी नवी मुलं. एकही ओळखीचा चेहरा नाही. मी फाइल देऊन वळलो, तर अर्जदारांच्या बाकावर अक्का! केस पूर्ण पांढरे, मांडीवर कापडी पिशवी, हातात टोकन.

“अक्का, तुम्ही इथं? काही अडलंय का?”

“भाच्याच्या वाडीच्या नकाशाची नक्कल काढायची आहे.”

“ती तर आता घरबसल्या मोबाइलवर मिळते.”

“मिळते.” त्या समोर पाहत म्हणाल्या. मग हळूच सांगितलं, “मागच्या बुधवारी पुतण्याची काढली. त्याच्या आधी विहिणीची. बठ्ठा नातेवाईक आठेच शेतस, सगळ्यांच्या जमिनी इथल्याच. अजून दोन वर्षं पुरतील.”

धुळ्याहून एसटीनं अडीच तास यायचे, अडीच तास जायचे. दर बुधवारी.  त्यांनी हनुवटीनं तिसऱ्या काचेकडे खूण केली.

“ती पोरगी पाहा. मी अकरापासून बसलेय. तिनं एकदाही पाठ टेकली नाही. पाणी प्यायली नाही. मान पाहा तिची. मागच्या बुधवारी बरी होती.”

तेवढ्यात यंत्रानं त्यांचा नंबर पुकारला. अक्का उठल्या. गुडघा धरून उठल्या, पण मी पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. तिसऱ्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “बोला मावशी.”

अक्का तिची मान निरखत होत्या.

“मावशी, काय काम आहे?”

“माझं राहू दे. तू आधी उभी राहा बरं.”

“मावशी, मागे लाइन आहे!”

“आहे ना. मी लाइनीतूनच आले. नंबर माझा आहे, तो कशावर घालवायचा ते मी ठरवीन.”

मागून कुणीतरी “ओ आजी, चला लवकर” म्हणून ओरडलं. रक्षक खुर्चीतून उठला. बाहेर आमच्या भुसावळच्या कार्यालयाची जीप हॉर्न वाजवत होती, मला निघावंच लागलं. दारातून वळून पाहिलं, तेव्हा काचेमागची मुलगी खुर्ची मागे सारून उठत होती. रक्षकाला हाक मारायला की आणखी कशाला, ते मला दिसलं नाही. अक्का एक तळवा काचेला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे अख्खी लाइन खोळंबली होती.